पिकअपचा एक्झॉस्ट: आधी दाब मोजा, मग पाइप कापा

भरलेली पिकअप घाटात दम टाकू लागली की पहिला सल्ला मिळतो तो सायलेन्सर मोकळा करून घेण्याचा. जाड पाइप टाका, आतली जाळी काढा, गाडी सुटेल. आवाज वाढतो, म्हणून दोन दिवस गाडी खरंच सुटल्यासारखी वाटते. तिसऱ्या दिवशी तोच लोड, तोच चढ आणि तोच दुसरा गिअर.

महाराष्ट्रात माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप टर्बो डिझेल आहेत (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप), आणि हे सगळं त्यांच्याबद्दल आहे. टर्बो डिझेलमध्ये ताकद येते ती डिझेल आणि हवा यांतून. दोन्ही किती द्यायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी पाइप-सायलेन्सरची साखळी, त्यात भर घालत नाही, फक्त तयार झालेल्या ताकदीतली थोडी खाऊन टाकतो. चांगल्या स्थितीतला कंपनीचा एक्झॉस्ट फार कमी खातो, तुंबलेला किंवा फुटलेला भरपूर खातो. त्यामुळे सगळं काम एका गोष्टीवर येतं: आत्ताचा एक्झॉस्ट किती अडवतोय ते मोजणं.

धूर कुठून कुठे जातो

सिलिंडरमधून निघालेला धूर मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळीतून) टर्बोत शिरतो, टर्बाइन फिरवतो, डाउनपाइपमधून खाली उतरतो. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाच्या आधीच्या नियमांच्या) गाडीत पुढे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर आणि शेपटीचा पाइप. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत मध्ये डीओसी आणि डीपीएफ असतात. डीओसी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं डिझेल जाळतो, डीपीएफ काजळी पकडून ठेवतो. काही मॉडेलमध्ये त्यापुढे युरिया फवारणारी एससीआरही असते.

टर्बाइन फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब, म्हणजे बॅक प्रेशर, वाढला की तेवढाच बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) मिळवायला टर्बोच्या आधी आणखी दाब साठवावा लागतो आणि पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो. टर्बोनंतर १ किलोपास्कल अडथळा वाढला तर टर्बोच्या आधी तो दीड-दोन किलोपास्कल होऊन इंजिनावर येतो. तुंबलेल्या एक्झॉस्टची खूण म्हणूनच ठरलेली आहे: खालच्या आरपीएमला गाडी बरी चालते, २२००-२५०० च्या वर कोणीतरी मागून धरल्यासारखी होते, आणि धुराचं तापमान वाढतं.

उलट बाजूही लक्षात घ्या. बूस्टचं लक्ष्य ईसीयूकडे ठरलेलं असतं. पाइप मोकळा केल्यावर व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) टर्बोच्या पात्या थोड्या जास्त उघडतात आणि बूस्ट पुन्हा तेवढाच राहतो. मोकळ्या पाइपचा फायदा टर्बो थोडा लवकर जागा होण्यात आणि धूर थोडा थंड राहण्यात दिसतो, वरच्या हॉर्सपॉवरमध्ये फारसा नाही. साध्या वेस्टगेटच्या (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) टर्बोवर फार मोकळा पाइप दिला तर वेस्टगेट पुरत नाही, बूस्ट ठरलेल्या हद्दीबाहेर सरकतो आणि ईसीयू डिझेल तोडून गाडीला मर्यादित ताकदीवर टाकतो. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा, तोही मॅनिफोल्डमधल्या दाबावर चालतो. तो दाब घटला की ईजीआरचा प्रवाह कमी भरतो, आणि नव्या गाड्यांत त्याचा बिघाडाचा कोड पडू शकतो.

काम सुरू करण्याआधीची मोजणी

चार आकडे लिहून ठेवा. हे नसले तर कामानंतर काय मिळालं ते कधीच कळणार नाही.

पहिला, ॲव्हरेज. टाकी गळ्यापर्यंत भरा, नेहमीच्या फेऱ्या करा, पुन्हा त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरा. असं सलग तीन टाक्यांचं काढा. ५४० किलोमीटरला ४५ लिटर लागलं तर १२ चं ॲव्हरेज. एका टाकीच्या हिशेबात अर्ध्या किलोमीटरची चूक सहज होते, म्हणून तीन.

दुसरा, वेळ. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, तोच लोड ठेवून, चौथ्या गिअरमध्ये ४० पासून ७० पर्यंत किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा मोजा आणि सरासरी घ्या. मोजणाऱ्याने चालकाशेजारी बसावं, चालकाने घड्याळाकडे बघू नये.

तिसरा, बूस्ट. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर) इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला, दाब दिसतो. मागितलेला आणि मिळालेला असे दोन आकडे मिळाले तर उत्तमच. पूर्ण पेडलला मिळालेला आकडा मागितलेल्याच्या बराच खाली राहत असेल तर एक्झॉस्टला हात लावण्याआधी एअर फिल्टर, इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज आणि त्यांचे क्लॅम्प बघा. तडकलेल्या होजपायी चांगला सायलेन्सर कापला जातो, हे फार वेळा घडतं.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, बॅक प्रेशर. डाउनपाइपवर तापमान सेन्सर असेल तर तो काढून त्याच आट्यात ॲडाप्टर बसवा. नसेल तर टर्बोपासून २०-३० सेंटिमीटर खाली, पाइपच्या वरच्या अंगाला एम१८ बाय १.५ आट्याचा बंग (आतून आटे असलेली छोटी कडी) वेल्ड करून घ्या आणि नंतर त्याला बोल्ट लावून बंद करा. बंगला ६ मिलिमीटरची तांब्याची नळी किमान १ मीटर लांबीची जोडा, पुढे रबरी नळी आणि ० ते १ बारचं गेज (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल). तांब्याची नळी धूर थंड करते. ती आखूड ठेवली तर रबर वितळतं.

आयडलला काटा जेमतेम हलावा. डीपीएफ नसलेल्या गाडीत लोड भरून, चढाला, पूर्ण पेडलला १० ते १५ किलोपास्कलपर्यंतचा आकडा ठीक मानायला हरकत नाही. २५ च्या वर गेला तर अडथळा नक्की आहे. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच अंतिम. जागेवर रेस करून मोजू नका. लोड नसला की डिझेल कमी जळतं, धूर कमी निघतो आणि तुंबलेला एक्झॉस्टही निर्दोष दिसतो. खंबाटकी किंवा कसाऱ्याचा चढ आणि हौद्यात नेहमीचा माल, ही खरी कसोटी. गेज वाचायला दुसरा माणूस बरोबर हवाच.

डीपीएफवाल्या गाडीत वेगळं गेज लागत नाही. डीपीएफच्या आधी-नंतरच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर बसवलेलाच असतो, तो स्कॅनरवर वाचा. इंजिन बंद, चावी चालू असताना तो शून्याच्या आसपास असावा. नसेल तर आधी सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या तपासा, कारण त्या नळ्यांत पाणी आणि काजळी अडकते किंवा रबर तडकतं. एवढ्याने भागत असताना डीपीएफ उतरवण्यात अर्थ नाही.

गळती, म्हणजे फुकट गेलेली ताकद

टर्बोच्या आधीची गळती आणि नंतरची गळती ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधीची गळती थेट गाडीची ओढ खाते. मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालेलं, स्टड तुटलेला, किंवा मॅनिफोल्डलाच बारीक चीर. टर्बाइनला मिळायचा धूर बाहेर निसटतो, बूस्ट उशिरा येतो, काळा धूर वाढतो. सकाळी थंड इंजिनाला टक-टक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो दबतो, कारण लोखंड फुगून फट मिटते. म्हणून ही तपासणी सकाळी पहिल्या स्टार्टलाच करायची. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढून टॉर्चच्या उजेडात फटीभोवतीचा काळा फराटा शोधा.

नंतरच्या गळतीने ताकद फारशी जात नाही, पण धूर केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्रभर गाडी चालवणाऱ्याला डोकेदुखी आणि पेंग येत असेल तर ती झोपेची असेलच असं नाही. शोधायला सोपी रीत: इंजिन थंड असताना शेपटीच्या पाइपला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू कापड गुंडाळून लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. जिथे फेस, तिथे गळती. बीएस-६ गाडीत सेन्सरच्या जवळची छोटी गळतीही बाहेरची हवा आत ओढते आणि सेन्सर चुकीचं वाचतो, म्हणून तिथला जोड घट्ट वाटला तरी तपासाच.

मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना पृष्ठभागावर सरळ पट्टी धरून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. फट दिसली तर मॅनिफोल्ड फेस करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घ्यावा लागतो, नाहीतर नवं पॅकिंग काही महिन्यांत पुन्हा उडतं. स्टड नवेच घाला. मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूंना, दोन फेऱ्यांत आवळा. एम८ स्टडला साधारण २२ ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावून आवळलेला स्टड थंडीत तुटतो, आणि त्याचा तुकडा हेडमधून काढणं हे दिवसभराचं काम होतं.

डीपीएफ: कापायचा नाही, स्वच्छ ठेवायचा

बीएस-६ पिकअपची ताकद गेल्याची तक्रार बऱ्याचदा इथे येऊन थांबते. डीपीएफमध्ये काजळी साठते, गाडी ठरावीक पातळीला जास्तीचं डिझेल सोडून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. यालाच रिजनरेशन म्हणतात. शहरात दूध, भाजी, पार्सलच्या आखूड फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही क्रिया अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. काजळी वाढते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल आहे, लगेच बदला.

डीपीएफचा दिवा लागला की मोठ्या रस्त्यावर २० ते २५ मिनिटं ६० च्या वर, २००० आरपीएमच्या आसपास गाडी सलग चालवा. डिझेल रिझर्व्हवर असेल तर बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत, म्हणून टाकी आधी भरा. रिजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच झालेलं असताना उसाच्या पाचटावर, गवतावर, कडब्याच्या ढिगाशेजारी गाडी उभी करू नका. पाइप इतका तापलेला असतो की पाचट पेटायला ठिणगीही लागत नाही. गाळपाच्या हंगामात शेतात उतरणाऱ्या प्रत्येक चालकाला हे सांगून ठेवावं.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते ऑइलमधल्या मिश्रणांतून. कंपनीने कमी राखेचं ऑइल सांगितलं असेल तर स्वस्तातलं दुसरं घालून वाचवलेले पैसे डीपीएफ वसूल करतो. राखेने भरलेला डीपीएफ उतरवून भट्टीत तापवून, नंतर उलट दिशेने हवा मारून स्वच्छ करून घेता येतो. आधी आणि नंतर वजन करायला सांगा, किती निघालं ते वजनच सांगेल. गाड्या धुण्याच्या प्रेशर जेटने तो धुऊ नका. आतला सिरॅमिकचा मधमाशीच्या पोळ्यासारखा भाग फुटतो आणि काजळी सरळ बाहेर पडू लागते. अवेळी तुंबला असेल तर कारण आधी शोधा: गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, ऑइल सोडणारा टर्बो. कारण तसंच ठेवून बसवलेला नवा डीपीएफही तेवढ्याच वेळात तुंबतो.

तो कापून आत पोकळ नळी घालून देणारे भेटतात. फरकाचा दाब शून्य दिसला की ईसीयू गाडीला मर्यादित ताकदीवर टाकतो, मग ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं, वॉरंटी जाते, आणि पासिंगला गाडी अडते. चांगल्या स्थितीतला डीपीएफ काढून मिळणारी ताकद किरकोळ असते. मोठा फरक जाणवला असेल तर तो डीपीएफ तुंबलेला होता म्हणून, आणि स्वच्छ करूनही तेवढाच फरक मिळाला असता. मागे उरते ती रस्त्याकडेला चालणाऱ्यांच्या छातीत जाणारी काजळी. हे काम करू नका आणि कोणाला करून देऊ नका.

पाइप किती जाड?

मुळात पाइप अरुंद, वाकवताना चेपलेला किंवा पूर्वी कोणी जोडतोड केलेला असेल, तर डीपीएफच्या किंवा कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलण्यात अर्थ आहे. हिशेब करून बघू. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधारण ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन ३२०० आरपीएमला, १.८ बारच्या एकूण इनटेक मॅनिफोल्ड दाबाला धरलं, तर ४०० अंशांचा धूर मिनिटाला साधारण १२,५०० लिटर निघतो. २ इंची, दीड मिलिमीटर जाडीच्या पाइपमधून तो सेकंदाला ११५ मीटरच्या पुढे धावतो. अडीच इंची पाइपमधून ७३ मीटर, तीन इंचीतून ५० मीटर.

घर्षणाने होणारा दाबाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो. ३ मीटर पाइप आणि चार चांगली वाकणं धरली, सायलेन्सर सोडला, तर २ इंचीत १० किलोपास्कलच्या आसपास तोटा येतो, अडीच इंचीत साडेतीन, तीन इंचीत दीडच्या आसपास. म्हणजे पहिल्या अर्ध्या इंचाने साडेसहा वाचले, पुढच्या अर्ध्या इंचाने फक्त दोन. या साडेसहा किलोपास्कलची किंमत इंजिनावर काढली तर ती १, फार तर दीड हॉर्सपॉवर भरते. ७५ च्या गाडीत हा फरक खरा आहे, पण पेडलला जाणवण्याइतका मोठा नाही. ॲव्हरेजमधला फरक तर मोजणीच्या चुकीतच बुडून जातो. ‘पाइप टाकला की २ किलोमीटरचं ॲव्हरेज वाढतं’ असं कोणी सांगितलं तर त्याला तीन टाक्यांचा हिशेब विचारा.

म्हणून २ ते अडीच लिटरच्या डिझेलला अडीच इंच, म्हणजे ६३ मिलिमीटर, पुरेसे आहेत. तीन इंची पाइप जड होतो, मागच्या एक्सलवरून नेताना जागा खातो, आणि देतो जवळपास काही नाही.

व्यासापेक्षा वाकण जास्त नुकसान करतं. पाइप तापवून वाकवला की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि तिथला छेद अंडाकृती होतो. सगळा पाइप अडीच इंची आणि एका वळणावर पावणेदोन, तर तुमचा पाइप पावणेदोन इंचीच. आत मँड्रेल (पाइप चेपू न देणारा गोल दांडा) घालून वाकवलेली तयार बेंड आणा, मध्यरेषेची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या दीडपट तरी हवी. ६३ च्या पाइपला ती ९५ मिलिमीटर येते.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघून मागणी करणारे बरेच असतात. तिथली फोर्ड एफ-१५० सारखी गाडी ५ लिटरच्या, टर्बो नसलेल्या व्ही-८ पेट्रोल इंजिनावरही मिळते. टर्बो नसलेल्या इंजिनाला धुराच्या लहरींचा खेळ लागू पडतो, म्हणून तिथे हेडर (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला मॅनिफोल्ड) आणि पाइपची लांबी-व्यास जुळवून खरंच काही मिळतं. आपल्याकडच्या मारुती सुपर कॅरीसारख्या छोट्या पेट्रोल-सीएनजी गाडीलाही तेच तत्त्व लागू आहे, पण उलट अंगाने: पाइप फार जाड केला की धुराचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट रिकामं होत नाही आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते. भरल्या छोट्या गाडीला नेमकी तीच हवी असते. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतं’ हा समज इथूनच आला. लागतो तो धुराचा वेग. टर्बो डिझेलमध्ये टर्बाइननंतर त्याचाही प्रश्न उरत नाही.

सायलेन्सर आणि आवाज

कप्प्यांचा सायलेन्सर धुराला उलटसुलट फिरवतो, आवाज चांगला मारतो आणि अडथळा जास्त करतो. सरळ भोकांच्या नळीभोवती उष्णता सोसणारी लोकर भरलेला सायलेन्सर अडथळा फार कमी करतो, पण खालच्या सुराचा आवाज त्याला नीट अडवता येत नाही. चार सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमला सेकंदाला ६७ स्फोट करतं. ६७ हर्ट्झचा हा घुमणारा आवाज केबिनच्या पत्र्यात बसतो. दहा मिनिटं तो बरा वाटतो, नाशिक ते नागपूर असा वाटत नाही. सायलेन्सर सरळ नळीचाच हवा असेल तर लांब आणि मोठ्या पोटाचा घ्या, किमान ४५० मिलिमीटरचा. तोंडाला लावायची चकचकीत टीप कितीही मोठी घेतली तरी ताकदीत काही फरक पडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मंजूर रचनेत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. व्यापारी पिकअपला पासिंगसाठी ठरावीक काळाने आरटीओसमोर जायचंच असतं. म्हणून खाली दिलेलं काम मूळ रचनेची दुरुस्ती म्हणून करा: सायलेन्सर, कन्व्हर्टर, डीपीएफ आणि सगळे सेन्सर जागच्या जागी, आवाज मूळइतकाच. कंपनीचा तयार भाग मिळत असेल तर तोच घ्या. व्यास वाढवायचाच असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

मागचा भाग नव्याने बसवताना

साहित्य असं लागतं. ६३ मिलिमीटर व्यासाचा, १.५ ते १.६ मिलिमीटर जाडीचा ३ मीटर पाइप, ९० अंशांची दोन आणि ४५ अंशांची दोन बेंड, १५० ते २०० मिलिमीटरचा जाळीचा फ्लेक्झिबल पाइप एक, सायलेन्सर एक, ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या फ्लँजच्या (दोन पाइप बोल्टने जोडायच्या चकत्यांच्या) दोन जोड्या, दोन पॅकिंग, एम१० चे ८.८ ग्रेडचे सहा बोल्ट आणि उष्णता सोसणारे लॉक नट, १० मिलिमीटर सळीचे, पाइप टांगायचे चार हँगर आणि चार नवी हँगर रबरं.

धातू कोणता? साधा लोखंडी पाइप कोकणच्या खाऱ्या हवेत बाहेरून आणि आखूड फेऱ्यांत आतून, साठलेल्या पाण्याने, कुजतो. ४०९ जातीचं स्टेनलेस कंपन्या वापरतात. त्यावर तपकिरी डाग पडतात, पण ते टिकतं. ३०४ सगळ्यांत टिकाऊ, मात्र ते जास्त फुगतं. ३ मीटरचा पाइप थंडपासून ३५० अंश तापला की लोखंड किंवा ४०९ साधारण १२ मिलिमीटर लांबतं, ३०४ अठराच्या आसपास. हे लांबणं कुठेतरी जायला हवं, त्यासाठी फ्लेक्झिबल पाइप आणि रबरं असतात. खडखड थांबवण्यासाठी वेल्डर पाइप थेट चॅसीला पट्टीने वेल्ड करतो तेव्हा हेच विसरलं जातं. मग पाइपला चीर पडते किंवा ओढ टर्बोच्या फ्लँजवर जाते.

गाडी सपाट जागी घ्या, चाकांना लाकडी अडण्या लावा, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी करा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. वेल्डिंगआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीयूचे कनेक्टर सोडा, जवळचे सेन्सर काढून ठेवा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी त्याच पाइपवर लावा. तो लांब चॅसीवर लावला तर प्रवाह बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो.

जुना भाग उतरवण्यापूर्वी फोटो काढा आणि हँगरच्या जागा चॅसीवरून टेपने मोजून लिहा. नवा पाइप समोरून मागे जमवत जा, प्रत्येक जोडाला फक्त तीन-चार टाके मारा. पूर्ण वेल्ड शेवटी. आधीच पूर्ण वेल्ड केलं तर पाइप ओढला जातो आणि शेपूट २-३ सेंटिमीटर भलतीकडे येतं. फ्लेक्झिबल पाइप सरळ आणि मोकळ्या लांबीत बसला पाहिजे. वाकलेल्या जोडाची भरपाई त्याच्याकडून करून घेतली तर तो पहिल्या पावसाळ्याआधी फाटतो.

अंतरं तपासताना पिकअपची खास अडचण येते ती मागच्या पाट्यांची. रिकाम्या गाडीत एक्सल आणि पाइप यांत भरपूर जागा दिसते, दीड टन माल भरला की पाटे बसतात आणि एक्सल पाइपला भिडतो. टाके मारून झाल्यावर हौदा भरून किंवा चॅसी पाट्यांच्या स्टॉपरपर्यंत खाली दाबून बघा, त्या स्थितीतही बोटभर, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर, जागा उरायला हवी. ब्रेकची नळी, वायरिंग आणि स्टेपनीपासून ५० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवा, जमत नसेल तिथे मध्ये पत्र्याचं हीट शील्ड द्या. डिझेलच्या नळीपासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३५ मिलिमीटरची किमान मर्यादा आहे, पण तिच्या दुप्पट ठेवलेलं बरं. शेपटीचं तोंड खाली किंवा डाव्या बाजूला वळवू नका, नियमात ते चालत नाही. वरून ताडपत्री लोंबते तिथेही तोंड नको.

सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, पाणी निघून जाईल. पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची असेल तर फक्त डाउनपाइपला, तेही ऑइलची गळती नाही याची खात्री करून. ऑइल प्यायलेली पट्टी पेट घेते, आणि ओलसर पट्टीखाली पाइप गुपचूप गंजतो.

एम१० बोल्ट ४० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळा, दोन्ही बाजू आळीपाळीने, म्हणजे फ्लँज तिरका बसणार नाही. सेन्सर परत लावताना त्यांच्या आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा, सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका. बॅटरी जोडा, गाडी सुरू करून आयडलला सगळे जोड हाताच्या मागच्या बाजूने दुरून तपासा, मग साबणाचं पाणी. स्कॅनरवर कोड आहेत का बघा.

त्यानंतर तोच चढ, तोच लोड, तीच चार मोजमापं. बॅक प्रेशर उतरलं पण सेकंद तेवढेच राहिले, तर अडथळा एक्झॉस्टमध्ये नव्हता. इंजेक्टर, टर्बो, क्लच आणि ब्रेकची जाम झालेली चाकं यांच्याकडे वळा. बूस्ट मागितल्यापेक्षा वर जाऊ लागला तर गाडी तशीच पळवू नका, वेस्टगेट तपासून घ्या. १०० किलोमीटरनंतर बोल्ट थंड असताना पुन्हा आवळा, ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा, आणि त्याच वेळी माल भरलेल्या गाडीखाली डोकावून एक्सलजवळ पाइपवर घासल्याची चकाकी आली आहे का ते बघा.